मऊ दोर

त्याचा धंदाच उलट्या पावली चालण्याचा. घायपाताच्या पानांतून काढलेला वाख कमरेभोवती गुंडाळायचा, त्याची एक बट चाकाच्या आकड्यात अडकवायची आणि समोरच्याने चाक फिरवायला घेतलं की बोटांतून वाख सोडत सोडत मागे मागे जायचं. पडवीपासून थेट कडेच्या बांधापर्यंत. जन्मभर हेच केल्यामुळे पाठीमागचा खड्डा, दगड त्याला न बघता कळायचा, आणि समोर कायम एकच चित्र असायचं: चाक, आणि चाकामागे बसलेली आई. गावातले टवाळ म्हणायचे, "दोरवाल्याला पुढचं काय दिसणार? तो वाटच मागून कापतो." हा हसण्यावारी न्यायचा. बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जरा जास्तच हसायचा.

लग्न राहून गेलं ते कुणी मोडता घातला म्हणून नाही. आधी दोन बहिणींची व्हायची होती. मग वडील अंथरुणाला खिळले. मग धाकटा भाऊ म्हणाला, माझं जमलंय, आता थांबता येत नाही. त्याला वाट करून दिली. या सगळ्यातून मोकळं होऊन याने मान वर केली, तर कानशिलं पांढरी झाली होती आणि स्थळं सुचवणारी म्हातारी माणसं एकेक करून निघून गेली होती.

धाकटा शहरात राहायचा. वर्षातून एकदा मुलांना घेऊन यायचा. दुपारी मुलं याच्या दंडावर डोकं टाकून झोपायची. हाताला मुंग्या यायच्या, हात लाकडासारखा व्हायचा, तरी हा कूस बदलायचा नाही. मुलं गेली की दोन दिवस याला घरात जाववायचं नाही, चाकापाशीच रेंगाळायचा. आपल्याला बायको हवी होती, मुलं हवी होती, आणि अजूनही हवीत, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाने असलं बोलायचं म्हणजे आपणहून हसं करून घ्यायचं. पण हवं होतं. भूक लागते तसं, रोजच्या रोज हवं होतं.

त्या वर्षी पावसाने दडी मारली. विहिरींचं पाणी खाली खाली गेलं आणि सगळ्या गावाचे दोर एकदम आखूड पडले. "दुष्काळात सगळ्यांचं बुडतं, आपलं तेवढं तरतं," असं आई एकदा बोलून गेली आणि लगेच स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली. रोज कुणी ना कुणी दारात उभं राहायचं. लांब दोर हवा, लवकर हवा. आणि नेमकी तेव्हाच आई पाण्याच्या हौदाशी घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली.

हाड बसवणाऱ्याने पट्ट्या आवळल्या, हात गळ्यात बांधला आणि बजावलं, "आजी, चाकाला हात लावायचा नाही."

"मग काय पाय लावू?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताने चाक फिरवून बघितलं. चाक अडखळत फिरलं, वाखाला कुठे पीळ बसला, कुठे बसलाच नाही. त्यातच चाकाची मूठ निखळून तिच्या मांडीवर पडली. आई मूठ हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिली.

मूठ बसवायला सुतार आला. सुतार याच्या बरोबरीचा, लहानपणी एकाच झाडावरून पडलेले दोघे. पाचर ठोकता ठोकता त्याने सगळी रड ऐकून घेतली आणि म्हणाला, "माझ्या बहिणीला पाठवू का? हाताला घट्ट आहे. माझा रंधासुद्धा मारते. घरी बसून बसून तिचं नि माझ्या बायकोचं रोज वाजतं. इथे रोजगारही होईल आणि माझ्या डोक्याला शांतता."

"येईल ती?"

"येईल. पण एकटी नाही येणार. पोर बरोबर असते."

पोर म्हणजे सुताराच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. बाळंतपणातच आई गेली, बाप दुसरा संसार थाटून बसला, आणि तान्ही पोर या मधल्या बहिणीच्या मांडीवर आली ती तिथेच राहिली. बहिणीचं लग्न मग लांबत गेलं. आता तिनेही चाळिशी ओलांडली होती.

सकाळी दोघी आल्या. मोठी डोक्याला रुमाल बांधून, बाह्या सारून, जणू भांडायलाच आलेली. लहानगी सात वर्षांची, चवळीच्या शेंगेसारखी काटकुळी. तिला चवळीच म्हणत. मोठीने चाकाभोवती एक चक्कर मारली, मूठ धरून बघितली आणि आईसमोर बसली.

"कसं फिरवायचं सांगा."

आईने अर्धा दिवस शिकवलं, म्हणजे अर्धा दिवस ओरडली. हळू, अगं हळू. आता जोर. आता नको. खांद्याने फिरव, मनगटाने नको, माझं बघ काय झालं. संध्याकाळपर्यंत चाकाचा आवाज एकसारखा यायला लागला. आईने कान देऊन ऐकला आणि आत जाऊन आडवी झाली. म्हणजे पसंत पडलं.

चवळीने मात्र याला फैलावर घेतलं.

"तुम्ही उलटं का चालता?"

"दोर तसाच होतो."

"पडत नाही?"

"नाही."

"मी ढकललं तर?"

"तर पडेन."

तिने यावर विचार केला आणि ढकललं नाही. त्या दिवसापासून ती त्याला दोरकाका म्हणायला लागली. मोठीला ती मावशी म्हणायची, म्हणून घरादाराने मावशीच म्हणायला सुरुवात केली. आई मावशी म्हणायची, गिऱ्हाईकं मावशी म्हणायची. यालाच तेवढी पंचाईत. हा तिला मावशी कसा म्हणणार? शेवटी नुसतं "अहो" म्हणून भागवायला लागला. तिला 'अहो' म्हटलं की आई आतल्या आत हसायची आणि हसल्याने मनगट दुखलं म्हणून याच्यावरच खेकसायची.

काम असं चालायचं. आधी सूत कातायचं, सुतांचे पेड करायचे, मग तीन पेडांचा एक दोर. हे शेवटचं काम खरं कसोटीचं. तीन पेडांची टोकं चाकाच्या तीन आकड्यांना, आणि तिन्हीची दुसरी टोकं मिळून याच्या कमरपट्ट्याच्या एका आकड्याला. मध्ये तीन खाचांचा लाकडी ठोकळा. चाक फिरलं की पेड एकमेकांना कवटाळत दोर होत जायचे, आखूड होत जायचे आणि याला चाकाकडे ओढायचे. आपण टाचा रोवून, अंग मागे टाकून उभं राहायचं. दोर मागेल तेवढंच पुढे व्हायचं, तेही नाखुशीने. माणूस जितका हट्टी तितका दोर पक्का. याच्या कमरेवर पट्ट्याने घट्टे पडले होते, तिथे चिमटा काढला तरी कळायचं नाही.

ठोकळा धरून चालायचं काम चवळीने मागून घेतलं. कुणी दिलं नव्हतं. ठोकळा याच्याकडून मावशीकडे हळूहळू सरकायचा आणि ही त्याची मूठ धरून ऐटीत चालायची. एके दिवशी वाखाची कूस तिच्या तळव्यात शिरली. मावशीचे हात गुंतलेले, म्हणून ती याच्यापुढे येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

याने पट्टा सोडला, खाली बसला. एवढासा तळवा आपल्या भेगाळलेल्या पंजात धरला. कूस दिसत होती, पण आपल्या बोटांनी ती निघेल असं त्याला वाटेना. नखाने हलके हलके वर आणली.

"फुंकर मारा," ती म्हणाली.

त्याने फुंकर मारली.

"तुम्हाला मुलं नाहीत?"

"नाहीत."

"का?"

"उशीर झाला."

"कुठे थांबला होता?"

त्याने आणखी एकदा फुंकर मारली. कूस केव्हाच निघाली होती.

मावशीची एक खोड होती. चाक फिरवताना तिचं तोंड बंद राहायचं नाही. आई श्वास वाचवण्यासाठी कामात कधी बोलायची नाही. याला वाटायचं, दोर मुक्यानेच वळायचा असतो. आता चाकाच्या घरघरीबरोबर दिवसभर गोष्टी येत राहायच्या. भावाची कोंबडी शेजारणीकडे जाऊन अंडी घालते आणि हक्काने जेवायला घरी येते. वहिनी रागावली की भांडी घासते, त्यामुळे त्यांच्या घरात भांडी फार चकचकीत. हा सूत सोडत मागे जायचा आणि हसायचा. जेवायला बसल्यावरही मधेच हसायचा. आई विचारायची, "काय झालं?" हा म्हणायचा, "काही नाही, कोंबडी."

एका संध्याकाळी दोघी घरी गेल्यावर आईने विषयाला हात घातला.

"मनात काय आहे तुझ्या?"

"कुठे काय."

"माझं मनगट मोडलंय, डोळे नाहीत फुटले."

हा वाखाची बट सोडवत बसला. मग म्हणाला, "तिने इथेच राहावं असं वाटतं."

आईलाही नातवंड हवं होतं, किती वर्षं हवं होतं. धाकट्याची मुलं पाहुणी म्हणून यायची. तिला घरातलं, अंगावर लोळणारं हवं होतं. "बाई सोन्यासारखी आहे," ती म्हणाली, "पण तिचं वय बघ. आता पाळणा हलणार का? आणि ती पोर गोड असली तरी दुसऱ्याची. उद्या बाप हक्क सांगत आला तर?"

"सात वर्षांत आला नाही."

"तुला तुझं नको का एखादं?"

"हवंय," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून हे निघालं आणि त्याचा त्यालाच आवाज ओळखू आला नाही. "मला हवंय गं. पण मला तीपण हवी. आणि चवळी घरी गेली की मला घर खायला उठतं. आता यातलं आपलं कुठलं आणि परकं कुठलं, तूच सांग."

आईने चांगला हात त्याच्या पाठीवरून एकदा फिरवला आणि दिवा लावायला उठली.

विचारायचं कसं, हे मात्र त्याला जमेना. सकाळी ठरवायचा, दुपारी म्हणू. दुपारी वाटायचं, दमलीय बिचारी. दरम्यान आईच्या पट्ट्या सुटल्या. हाडवाला म्हणाला, अजून थोडे दिवस, मग चाक फिरवायला हरकत नाही. मावशीने ते ऐकलं, "बरं झालं हो," म्हणाली आणि त्या दिवशी कोंबडीचं काहीच बोलली नाही.

मग मळेवाल्याचं काम आलं. त्याची विहीर गावात सगळ्यात खोल, आणि आता तर तळ गाठलेला. त्याला हवा होता तसला लांब दोर या घराने कधी वळला नव्हता. पडवी ते बांध ही जागा पुरेना. शेजाऱ्याला विचारून बांधापलीकडे, त्याच्या पडीक तुकड्यात पार लांबवर हा जाऊन उभा राहिला. तिथून चाकामागची बाई ओळखू येत होती, पण चेहरा दिसत नव्हता. वारा सुटला होता. मळेवाल्याचा गडी दोर न्यायला म्हणून सकाळपासून झाडाखाली ताटकळत होता.

चाक फिरायला लागलं. मावशीचं बोलणंही सुरू झालं. शब्द वाऱ्यावर तुकड्यातुकड्याने यायचे.

"...मागच्या वर्षी एक स्थळ आलं होतं मला..."

याचे कान टवकारले.

"...माणूस बरा होता. दुकान होतं. म्हणाला, तू ये, पण मुलीला भावाकडे..."

वाऱ्याने पुढचं नेलं. दोर आखूड होत होता, याला ओढत होता. एरवी तो टाचा रोवून उभा राहिला असता. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक.

"...तर मी त्याला म्हटलं..."

काय म्हटलं? हेच नेमकं ऐकू येईना. ही बाई पोरीला सोडून जाईल का, माणूस बरा असला तर सोडेल का, हे कळणं याला या घडीला दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त हवं होतं. दोर ओढत होता आणि हा ओढला जात होता. बांध ओलांडून आपल्या आवारात आला तेव्हा कुठे स्वच्छ ऐकू आलं.

"म्हटलं, मुलगी काय चप्पल आहे, दाराबाहेर काढून ठेवायला?"

ठोकळा धरलेली चवळी खिदळली. तिने ही गोष्ट कितीदा ऐकलेली असणार. हाही मोठ्याने हसला, भर उन्हात, दोराला लोंबकळत हसला, आणि हसता हसता आणखी पुढे गेला.

दोर पुरा झाला तेव्हा त्याने हातात घेतला. बोटांना लगेच कळलं. दोर मऊ होता. पीळ होता, पण आत जीव नव्हता, दाबला की दबत होता. उकलून पुन्हा वळायला हवा होता. पण गडी घाई करत होता, आणि हा इतका खुशीत होता की त्याला वाटलं, चालेल. दोरवाल्याच्या घरात हा शब्द कुणी उच्चारायचा नसतो. आई आत झोपली होती, नाहीतर तिने तो दोर उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नसता.

तीन दिवसांनी मळेवाला स्वतः आला. मागे गडी, गड्याच्या खांद्यावर दोर, आणि तमाशा बघायला पाचसहा माणसं. सुतारही गर्दी बघून आला. मळेवाल्याने दोर अंगणात फेकला. मधला एक पेड तुटून त्याचा झाडू झाला होता.

"बादली गेली, साखळी गेली, आता माणूस खाली उतरवावा लागणार," मळेवाला कडाडला. "तुझ्या बापाचा दोर आमच्याकडे पंधरा वर्षं टिकला. हा तीन दिवस! कारण मला कुणी सांगायला नको. नवशिकी बाई चाकावर बसवली की दुसरं काय होणार?"

सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. ती चाकावरून उठली होती. जिची जीभ दिवसभर थांबायची नाही, ती आपल्या तळहातांकडे बघत उभी होती. तिला खरंच वाटलं असावं की आपलंच चुकलं. चवळी तिला बिलगली.

सुताराचा चेहरा पडला. "चल घरी," तो बहिणीला म्हणाला. "उद्यापासून यायचं नाही."

तिने रुमाल सोडला, घडी घातली. चवळीचा हात धरला. हा अजून गप्पच. दोघी आवाराच्या तोंडापर्यंत गेल्या तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आता बोललो नाही तर पुन्हा उशीर झाला असंच म्हणत बसावं लागेल.

"चाकाचा दोष नाही," तो म्हणाला.

मळेवाला वळला. "मग काय विहिरीचा?"

"चाक बरोबर फिरलं. मी चुकलो. मी पुढे गेलो."

"पुढे गेलास म्हणजे?"

"दोर ओढत होता, मी टाच रोवली नाही. पुढे पुढे गेलो."

"का? एवढा जुना दोरवाला तू. मुंगी चावली?"

"ऐकू येत नव्हतं."

"काय ऐकू येत नव्हतं?"

"या काय बोलतात ते."

क्षणभर कुणाला कळेना. मग गडी फिसकन हसला, मग दुसरा. एकाने शीळ घातली. याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वाटलं, बांधावरून उडी टाकून पळावं. पण तोंड उघडलंच होतं, आता मिटून उपयोग नव्हता.

"नीट बोल," सुतार म्हणाला.

"तुझ्या बहिणीने इथेच राहावं असं मला वाटतं. पोरीसकट. चाकासाठी नाही म्हणत. चाक काय, कुणीही फिरवेल."

"कुणीही फिरवेल?" मावशीला वाचा फुटली.

"तसं नाही—"

"आणि हे माझ्या भावाला का सांगताय? मला कुणी विचारलंय?"

"विचारतोय," तो म्हणाला.

"एवढ्या लोकांत?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, कशाचं किती ते कळत नव्हतं. "मी नाही सांगणार." आणि चवळीला घेऊन ती तरातरा निघून गेली. सुतार याच्याकडे बघत, मान हलवत तिच्या मागे गेला.

तेवढ्यात आई पडवीतून उतरली. वाकून दोर उचलला, अंगठ्याने दाबून बघितला. "या घरातून असा दोर कधी गेला नव्हता," ती मळेवाल्याला म्हणाली. "नवा वळून देऊ, बादलीही देऊ. पण हसू नका कुणी. जन्मभर हा मागे मागेच गेलाय. एकदाचा पुढे आला, त्याची किंमत दोराने मोजली."

रात्री तो दोर पडवीत पडून होता. पाणी काढायला निरुपयोगी, बैल बांधायला निरुपयोगी. याने तुटका भाग कापून टाकला, उरलेला हाताळला. मऊ होता, हाताला कुठे टोचत नव्हता. सकाळी उजाडता उजाडता त्याने तो अंगणातल्या झाडाच्या आडव्या फांदीला बांधला, खाली फळी अडकवली, आणि स्वतः लोंबकळून बघितलं. पोरीच्या वजनाला तो जन्मभर पुरला असता.

मग पेड लावून ठेवले आणि चाकाकडे बघत बसला. आई चाकाशी जाऊन बसायला लागली तर तिला हात धरून उठवलं.

"येईल का गं?"

"मला काय विचारतोस? ऐकायला पुढे तू गेला होतास."

आधी चवळी आली, एकटीच, धावत. झोका बघून जागीच थांबली.

"हा कुणाचा?"

"जो बसेल त्याचा."

ती बसली नाही. दोर मुठीत धरून उभी राहिली. "दोरकाका, मावशी इथे राहिली तर मी पण ना?"

"तू आधी," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं, गिऱ्हाईक नवा दोर बघतं तसं. मग फळीवर चढली.

थोड्या वेळाने मावशी आली. डोक्याला रुमाल, बाह्या वर. याच्याकडे बघितलं नाही, आईच्या पाया पडली नाही की बोलली नाही, सरळ चाकामागे जाऊन बसली आणि मूठ धरली. याने मुकाट्याने पट्टा बांधला, आकड्यात पेड अडकवले आणि निघाला. पडवी, झाड, झोका, बांध. बांधापलीकडे पडीक तुकड्यात जाऊन उभा राहिला. चेहरा दिसत नव्हता. आज आवाजही नव्हता. शेजारणी कुंपणाशी कपडे वाळत घालत होत्या. इतक्या सकाळी, इतके कपडे.

चाक फिरायला लागलं. पेड ताठ झाले, दोर याला ओढायला लागला. याचा पाय आपोआप उचलला.

"पुढे यायचं नाही!" चाकामागून आरोळी आली. सगळी आळी दचकली. "तिथेच उभे राहा! मी मोठ्याने बोलते!"

त्याने पाय होता तिथे रोवला.

"माझं वय झालंय!" ती ओरडली. "मूल होईलच असं नाही!"

कुंपणाशी एकीच्या हातून कपडा पडला. याच्या आत काहीतरी दुखलं, खोटं कशाला सांगा. किती वर्षांचं होतं ते, एका आरोळीने कुठे जाणार. पण झोक्यावर चवळी पाय ताणून वर जात होती आणि कुणी बघतंय का हे वळून वळून बघत होती.

"चालेल!" हा ओरडला. दोरवाल्याच्या घरात हा शब्द उच्चारायचा नसतो, पण आज तो नीट तपासून उच्चारला होता.

"मला बोलल्याशिवाय राहवत नाही!"

"माहितीय!"

"मग ठीक आहे!" मावशी ओरडली. "राहते मी!"

आई पडवीतून म्हणाली, "अगं चाक थांबवू नकोस," आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

दोर ओढत होता. आता तर सगळं अंग पुढे धावायला बघत होतं. याचे दोन्ही हात दोरावर, पट्टा कमरेत रुतलेला, डोळ्यांतून पाणी वाहत हनुवटीपर्यंत आलेलं, आणि ते पुसायला हात मोकळा नाही. त्याने ते वाहू दिलं. टाचा मातीत आणखी खोल रोवल्या, अंग मागे टाकलं आणि दोर मागेल तेवढंच, बोटभर बोटभर, पुढे होत राहिला.